शून्य कुठे धरायचे?

गेल्या आषाढात आम्ही कराडहून चिपळूणला बहिणीकडे निघालो होतो. गाडी मुलगी चालवत होती. मागे माझी ऐंशी ओलांडलेली आई, तिच्या मांडीवर लाडवांचा डबा. कोयनानगरला थांबून चहा घेतला, गाडी पुन्हा सुरू केली आणि थोड्या वेळाने कुंभार्ली घाट उतरू लागलो. पाऊस बारीक होता, रस्ता ओला, वेग ताशी पस्तीसच्या आसपास. एका डाव्या वळणावर पुढून घरघर असा आवाज आला. ब्रेकवर पाय नसताना, मागचे एक चाक कुणीतरी धरून ठेवावे तशी गाडी आत ओढली गेली आणि लगेच सुटली. समोरच्या काट्यांमध्ये घसरणाऱ्या गाडीचे पिवळे चित्र लुकलुकले. दोन वळणांनंतर पुन्हा तेच. त्यानंतर ते चित्र लागले ते लागलेच.

आई म्हणाली, "हळू गं बाई." मी म्हणालो, "एवढं कशाला ओढतेस स्टेअरिंग?" मुलगी म्हणाली, "बाबा, मी काही केलं नाही."

तिने गाडी कडेला घेतली आणि किल्ली माझ्या हातात दिली. उरलेला घाट मी उतरलो. चिपळुणात पोचल्यावर मेहुण्यांनी एका वाक्यात निकाल दिला : "नवा हात आहे, सवय होईल." मुलगी काही बोलली नाही. पुढचे तीन आठवडे तिने गाडीला हात लावला नाही.

हा लेख म्हणजे तिच्या त्या वाक्याची, 'मी काही केलं नाही' याची, शहानिशा आहे. मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका सहकारी बँकेत हिशेब तपासण्यात उमेद गेली. फावल्या वेळात मापे, वजने, घड्याळे आणि पंचांगे यांचा इतिहास वाचत आलो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ सालच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथाने ती गोडी लावली. मोटारीच्या पोटातल्या एका लहानशा मापकाचा शोध घेताना त्याच वाचनाकडे परत यावे लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

चालकाला काय हवे आहे?

ते पिवळे चित्र ज्या यंत्रणेचे आहे तिला ईएसपी किंवा ईएससी म्हणतात. मराठीत 'स्थिरता-नियंत्रण' म्हणता येईल. ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही तिची आई. बॉश कंपनीची एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत आली. ईएसपी १९९५ साली, त्याच दोन कंपन्यांच्या सहकार्यातून आली. बॉशमधील तिचे प्रमुख शिल्पकार अँटन फान झांटेन यांना २०१६ साली युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्डमध्ये जीवनगौरव मिळाला.

जगाला तिची किंमत कळली ती एका फजितीमुळे. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका स्वीडिश मोटार-नियतकालिकाने मर्सिडीजच्या नव्या, छोट्या ए-क्लास गाडीची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक सांबरासारखे मोठे जनावर आले तर चालक गाडी झटकन एका बाजूला आणि लगेच परत दुसऱ्या बाजूला घेतो. तीच हालचाल करून पाहायची होती. गाडी उलटली. कंपनीने तिच्या बांधणीत सुधारणा केल्या आणि ईएसपी त्या गाडीत सरसकट बसवली. तोवर महागड्या गाड्यांची चैन असलेली गोष्ट त्यानंतर छोट्या गाड्यांकडे सरकू लागली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीची झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा अधिक तारे मिळवायचे तर ईएससी असावीच लागते. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या गाडीत ती आज आहे किंवा उद्या येणार आहे.

तिचे काम समजायला सोपे आहे. ती सतत दोन गोष्टींची तुलना करते : चालकाला गाडी कुठे न्यायची आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे. गाडी काय करते आहे हे सांगणारे मापक बरेच आहेत. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे चार, गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते ते मोजणारा एक, तिला बाजूला किती रेटा बसतो ते मोजणारा एक. चालकाला कुठे वळायचे आहे हे सांगणारा मात्र एकच. स्टेअरिंगच्या दांड्यावर, चाकाच्या अगदी खाली बसलेला, तळहातावर मावेल एवढा 'स्टेअरिंग अँगल सेन्सर'. आपण त्याला 'सुकाणू-कोन मापक' म्हणू.

दोन उत्तरांत तफावत पडली की यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावते. गाडी वळणाच्या बाहेर सरळ निघू लागली, म्हणजे हवी तेवढी वळत नसेल, तर आतल्या बाजूचे मागचे चाक धरते. त्यामुळे गाडीचे नाक आत येते. शेपूट बाहेर जाऊ लागली, म्हणजे हवी त्याहून जास्त वळत असेल, तर बाहेरचे पुढचे चाक धरते. हे सगळे क्षणाच्या अंशात घडते. घाटात आम्हाला आलेला धक्का पहिल्या प्रकारचा होता. गाडीला वाटले की मुलीला आणखी वळायचे आहे आणि आपण वळत नाही आहोत. मुलीला मात्र तेवढेच वळायचे होते जेवढी गाडी वळत होती.

दोन बाक्यांवरून संख्या

कोन मोजणे यात अवघड काय, असे प्रथम मलाही वाटले. पण स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेरे फिरते. घड्याळाचा काटा पाहून वाजले किती ते कळते, वार कळत नाही. तसेच चाक कुठे उभे आहे एवढे पाहून ते कितव्या फेऱ्यात आहे ते कळत नाही. जुन्या गाड्यांतले काही मापक झिरझिऱ्या चकतीतून जाणाऱ्या प्रकाशाच्या उघडझापी मोजत आणि फेरे स्मरणात ठेवत. बॅटरीची तार काढली की स्मरण पुसले जाई आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून त्याला पुन्हा ओळख करून द्यावी लागे. काही गाड्यांत हे आजही करावे लागते.

यावर बॉशने काढलेला एक मार्ग फार सुंदर आहे. स्टेअरिंगच्या दांड्यावर एक मोठे दातेरी चक्र असते. ते दोन छोटी चक्रे फिरवते. छोट्या चक्रांच्या दात्यांच्या संख्येत फरक फक्त एकाचा. दोघांत चुंबक बसवलेले असतात आणि त्यांची दिशा ओळखून कोण कुठे उभे आहे ते वाचले जाते. फेरे कुणीच लक्षात ठेवत नाही. तरीही गाडी सुरू करताच मापक सांगतो की स्टेअरिंग दुसऱ्या फेऱ्यात अमुक अंशांवर आहे, आणि तेही अंशाच्या दहाव्या भागापर्यंत.

हे कसे? समजण्यासाठी छोटे आकडे घेऊ. एका चक्राला ७ दाते, दुसऱ्याला ८. मोठे चक्र सुरुवातीपासून किती दाते सरकले हे शोधायचे आहे. पहिले चक्र ३ वर उभे आहे, दुसरे ५ वर. म्हणजे अशी संख्या हवी जिला ७ ने भागल्यास ३ उरतात आणि ८ ने भागल्यास ५. आता ८ ने भागून ५ उरणाऱ्या संख्या क्रमाने लिहू : ५, १३, २१, २९, ३७, ४५. यांना ७ ने भागले की बाक्या येतात ५, ६, ०, १, २, ३. दर पायरीला बाकी एकेकाने वाढते, कारण ७ आणि ८ यांत फरकच एकाचा आहे. सहाव्या संख्येला, ४५ ला, आपल्याला हवी ती बाकी मिळाली. आणि ५ पासून ४५ पर्यंत जाताना घेतलेल्या पाच पायऱ्या म्हणजे आठ दात्यांच्या चक्राचे पाच पुरे फेरे. जे कुणी मोजले नव्हते ते दोन बाक्यांनी सांगितले. ५६ दात्यांपर्यंत हे उत्तर एकमेव असते; त्यानंतर आकडे पहिल्यापासून सुरू होतात. खऱ्या मापकात दाते निराळे, तत्त्व हेच.

गणिताची आवड असलेल्या वाचकाने हे ओळखले असेल. हे कुट्टक आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीया'त गणितपादाच्या शेवटी दोन बाक्यांवरून संख्या शोधण्याची रीत दिली. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त कुट्टकावर स्वतंत्र प्रकरण आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे (आमचे कोयनाकाठचे पाटण नव्हे), आणि तो एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. तेव्हाच्या ज्योतिषांचा प्रश्न असा असे : ग्रह आज आपल्या फेऱ्यात अमुक ठिकाणी आहे, तर गणनेच्या आरंभापासून किती दिवस लोटले? फेरे कुणी मोजलेले नाहीत, फक्त शेष समोर आहे. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा मापक हाच प्रश्न सेकंदात कितीतरी वेळा सोडवतो.

यावरून मोटारीचे मूळ आर्यभटात होते, असे कुणी म्हणू लागेल तर त्यात मी नाही. बॉशच्या अभियंत्यांनी 'लीलावती' उघडून पाहिली असण्याचे काही कारण नाही. प्रश्नाचा घाट एक असला की उत्तराचा घाटही एक येतो, इतकेच.

कुठून मोजायचे?

कुट्टकाने ४५ मिळाले. पण ४५ कुठून? ज्या ठिकाणाला आपण शून्य म्हटले तिथून. ते ठिकाण कुट्टक सांगू शकत नाही. ज्योतिषी ते ठरवून घेत. कलियुगाचा आरंभ हे असेच एक ठरवून घेतलेले शून्य. मापकालाही ते कुणीतरी सांगावे लागते : 'आत्ता चाके सरळ आहेत, याला शून्य समज.' हे सांगणे म्हणजेच कॅलिब्रेशन. यात मापकाचा एक दाताही हलत नाही. बदलते ती फक्त स्मरणात ठेवलेली एक संख्या.

शून्य चुकल्याने काय होते हे मराठी घराला निराळे सांगायला नको. निरयन पंचांगाचे शून्य आकाशात कुठे धरायचे, यावर आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे वाद आहे. रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यापाशी धरणारे टिळक पंचांग आणि चित्रा ताऱ्याच्या आधाराने धरणारी इतर पंचांगे यांच्या शून्यांत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १४ ऐवजी १० जानेवारीच्या सुमारास येते. काही वर्षी अधिक महिनाच वेगळा ठरतो आणि कोकणात एकाच वाडीतल्या दोन घरी गणपती महिन्याच्या अंतराने बसतात. दोघांचे गणित बिनचूक असते. सूर्यही तोच. फरक आरंभबिंदूचा.

आमच्या गाडीतली चूक, पुढे कळले त्याप्रमाणे, सुमारे ९ अंशांची होती. स्टेअरिंगचे ९ अंश म्हणजे रस्त्यावरच्या चाकाचे ९ नव्हेत. स्टेअरिंग साधारण १५ अंश फिरवले की पुढची चाके एक अंश वळतात, असे धरले तर चाकाच्या पातळीवर ही चूक ०.६ अंश. डोळ्याला दिसणारही नाही. पण गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर अडीच मीटर धरून हिशेब केला, तर ०.६ अंश वळलेली चाके गाडीला सुमारे २४० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात नेतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला हे वळणे सेकंदाला सुमारे ४ अंश होते. म्हणजे नाकासमोर सरळ जाणाऱ्या गाडीचा संगणक समजत असतो की चालक डावीकडे वळण मागतो आहे आणि गाडी ऐकत नाही.

संगणक इतका भोळाही नसतो. सरळ रस्त्यावर काही अंतर गेल्यावर चारही चाकांचा वेग सारखा, बाजूचा रेटा नाही, वळणे नाही, हे पाहून तो ओळखतो की शून्य थोडे हलले आहे. चूक लहान असेल तर मनातल्या मनात वजा करून टाकतो. मोठी असेल तर मापकावरचा विश्वास काढून घेतो, दिवा लावतो आणि ईएसपीचे काम थांबवतो. आमच्या बाबतीत कोयनानगरला गाडी बंद करून पुन्हा सुरू केली आणि पुढे सगळी वळणेच लागली. चूक ओळखायला निवांत सरळ रस्ता मिळालाच नाही, असा मी याचा अर्थ लावतो.

डाव्याच वळणावर धक्का का, याचेही उत्तर यात आहे. मापक डावीकडे ९ अंश जास्त दाखवत होता. डाव्या वळणावर ही चूक चालकाच्या मागणीत मिळवली जाते आणि गाडी कमी वळते आहे असे भासते. उजव्या वळणावर तीच चूक मागणीतून वजा होते. तिथे गाडी खरोखर दरीकडे निघू लागली असती तरी यंत्रणेला ते उशिरा कळले असते. डावीकडच्या नाहक धक्क्याने आम्ही घाबरलो. उजवीकडची शांतता जास्त धोक्याची होती, हे मला हिशेब मांडल्यावर कळले आणि आईच्या मांडीवरचा डबा आठवून अंगावर काटा आला.

सरळ करण्याचा क्रम

आता प्रश्न उरला की ९ अंश आले कुठून. मे महिन्यात एका खड्ड्यात आपटून दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड बदलावे लागले होते. ते काम आणि नंतरचे अलाइनमेंट जिथे झाले तिथून गाडी आणली तेव्हा सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडे दिसत होते. मी तक्रार केली. त्यांनी चाक उपसून, खाच बदलून पुन्हा बसवून दिले. चाक सरळ दिसू लागले आणि मी समाधानाने पैसे दिले. घाटातल्या प्रकारानंतर पुन्हा तिथे गेलो, तर "दिवा काढून टाकतो, गाडी चालतीय की" असा सल्ला मिळाला.

मी गाडी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. ते पासष्टीचे आहेत, शाळा सातवीपर्यंत, आणि गेल्या काही वर्षांत त्यांनी पोराच्या मदतीने स्कॅनर शिकून घेतला आहे. सगळे ऐकून त्यांनी पहिल्यांदा स्कॅनर काढला नाही. गाडी जागेवर उभी करून स्टेअरिंग डावीकडे शेवटपर्यंत आणि मग उजवीकडे शेवटपर्यंत फिरवले, फेरे मोजले. "बघा साहेब, दोन्हीकडं सारखं फिरत न्हाई. रॅक मधोमध न्हाईच. चाकाचं तोंड सरळ केलं त्यांनी, दांडा वाकडाच ठेवला."

मग स्टेअरिंगखालच्या जोडणीत स्कॅनरची पिन लावली. चाके सरळ असताना पडद्यावर कोन होता ९.३ अंश. मापक खोटे बोलत नव्हता. दांडा खरोखरच ९ अंश फिरलेला होता. अलाइनमेंट करताना रॅक मध्यावर न धरताच दोन्ही टाय रॉड कमीजास्त केले गेले होते आणि वर चाक तेवढे सरळ बसवले होते.

मी उतावीळपणे म्हणालो, "मग आत्ताच शून्य करून टाका की." त्यांनी मान हलवली. "तसं केलं तर दिवा जाईल. पण वाकड्यालाच सरळ म्हणायचं झालं ते."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. स्कॅनरवरचे बटण कुणालाही दाबता येते. संगणक विचारत नाही की चाके खरेच सरळ आहेत का. तुम्ही ज्याला सरळ म्हणाल त्याला तो सरळ मानतो. म्हणून शून्य देण्याच्या आधीचे काम हेच खरे काम. त्यांनी केलेला क्रम असा :

प्रथम चारही टायरांतली हवा सारखी केली. एका बाजूची हवा कमी असेल तर गाडी तिकडे ओढते आणि चालक ते स्टेअरिंगने भरून काढतो. मग सरळ म्हणजे काय तेच ठरत नाही. नंतर बॅटरीची तार काढून, एअरबॅग आहे म्हणून थोडा वेळ थांबून, चाक उपसले आणि मूळ खाचेत बसवले. चाकाखाली क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते. एअरबॅगची वीज तीतून जाते. तीही मध्यावर असावी लागते, नाहीतर एका टोकाला ताणून तुटते. पुढे ओळखीच्या अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन आधी मागच्या चाकांची दिशा तपासली. मागची चाके तिरकी असतील तर गाडी खेकड्यासारखी चालते आणि तिला सरळ नेण्यासाठी स्टेअरिंग वाकडे धरावे लागते. आमची ठीक होती. मग स्टेअरिंग मध्यावर पट्टीने घट्ट बांधून दोन्ही टाय रॉड हिशेबाने फिरवले.

पुन्हा स्कॅनर लावला. कोन १.४ अंश. नऊपैकी आठ अंश पान्यानेच गेले होते. आता उरलेल्यासाठी शून्य देणे योग्य होते. गाडी सपाट जागी, आत कुणी नाही, चाके सरळ, चावी चालू. एबीएस-ईएसपीच्या संगणकात जाऊन जुन्या चुकांच्या नोंदी वाचून पुसल्या आणि कॅलिब्रेशनची आज्ञा दिली. पडदा म्हणाला, झाले. कोन ०.०. प्रत्येक गाडीची रीत थोडी वेगळी असते. काहींत स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवायला सांगतात, काहींत थोडे अंतर सरळ चालवायला, काहींत वळण-मापकाचे आणि बाजूच्या रेट्याच्या मापकाचे शून्यही त्याच वेळी द्यावे लागते. म्हणून तर जमीन सपाट हवी. सगळ्यात शेवटी मिस्त्री गाडी रस्त्यावर घेऊन गेले आणि पोराला पडद्यावर नजर ठेवायला सांगितली : सरळ जाताना शून्याच्या आसपास, डावीकडे आणि उजवीकडे वळताना सारखीच वाढ. त्याशिवाय त्यांनी पैसे घेतले नाहीत.

जुन्या ज्योतिषांकडे या शेवटच्या पायरीला शब्द होता : दृक्प्रत्यय. गणिताने आलेला ग्रह आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे. दिसत नसेल तर गणिताला बीजसंस्कार द्यायचा. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या 'ग्रहलाघवा'वर महाराष्ट्रातली पंचांगे शतकानुशतके चालली. पुढे फरक साचत गेला, तेव्हा केरो लक्ष्मण छत्र्यांसारख्यांनी नव्या वेधांशी मेळ घालण्याचा आग्रह धरला. आकाश पाहिल्याशिवाय पंचांग सुधारू नये आणि रस्ता पाहिल्याशिवाय शून्य देऊ नये, या दोन्हींमागे शहाणपण एकच आहे.

वाचकांना उपयोग व्हावा म्हणून एवढेच सांगतो. टाय रॉड, रॅक, स्टेअरिंगचा दांडा, क्लॉक स्प्रिंग यांचे काम झाले किंवा अलाइनमेंट केले, तर निघण्यापूर्वी विचारा : स्टेअरिंग कोनाचे शून्य तपासले का? सरळ रस्त्यावर किती अंश दाखवतो? स्टेअरिंग वाकडे दिसते म्हणून चाक उपसून बसवू लागले तर थांबवा. आणि पिवळा दिवा लागला तर तो काढू नका. गाडी चालते हे खरे. पण घसरल्यावर सावरणारा हात तेव्हा गेलेला असतो.

पुन्हा घाट

त्या संध्याकाळी घरी येऊन मी मुलीपुढे वही ठेवली. ९.३, १.४ आणि ०.० हे आकडे, २४० मीटरच्या वर्तुळाचा हिशेब. तिने तो शांतपणे तपासला; ती माझ्यापेक्षा गणितात पुढे आहे. म्हणाली, "म्हणजे मी काही केलं नव्हतं." मी म्हणालो, "नव्हतं. केलं होतं ते मी. चाक सरळ दिसलं आणि पैसे देऊन टाकले." मग मेहुण्यांना फोन लावून तेच सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं, तिला दे फोन."

तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासताना मी एक गोष्ट शिकलो होतो : ताळा जमत नसेल तर शेवटच्या ओळीपासून नव्हे, आरंभीच्या शिलकेपासून पाहायचे. माणसांच्या बाबतीत मात्र आपण उलट करतो. ज्याच्या हातात स्टेअरिंग असते त्याच्यापाशीच थांबतो, आणि तो हात नवा असेल, त्यातून मुलीचा असेल, तर पुढे पाहतच नाही.

नवरात्रात आम्ही पुन्हा चिपळूणला गेलो. गाडी तिने चालवली. आई मागे होती, मी तिच्या शेजारी बसलो होतो. घाटात पाऊस नव्हता, पण रस्ता ओला होता. ते डावे वळण आले तेव्हा माझी नजर रस्त्यावर नव्हती, काट्यांमधल्या त्या चित्राच्या जागेवर होती. काही लागले नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, समोर बघा."